बेळगाव सीमाभागात घर सोडून कामाला असलेल्या मुलींसाठी: पाळी, दिवस, गर्भनिरोधकं आणि दवाखाना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जांबोटी-कणकुंबीकडच्या मुली चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला जातात. निपाणी-चिकोडीकडच्या कागल नाहीतर इचलकरंजी गाठतात. ऊसतोडीच्या हंगामात उलट बाजूनं बीडकडच्या, विजयपूरकडच्या टोळ्या अथणी, रायबाग, चिकोडीच्या फडात येऊन उतरतात. आणि बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांच्या आसपास चार-चार पोरी मिळून एक खोली घेतात. काम वेगळं, बोली वेगळी, पण दुखणं अंगावर काढताना सगळ्या एकच म्हणतात: "आता नको, गावी गेल्यावर बघू." खाली जे प्रश्न आहेत त्यांतली बरीच दुखणी या एका वाक्यानं वाढलेली आहेत.

माझं आधार, रेशन कार्ड गावचं आहे. इथल्या सरकारी दवाखान्यात मला घेतील का?

घेतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका रुग्णालय, बेळगावचं जिल्हा रुग्णालय (ज्याला कुणी 'सिव्हिल' म्हणतं, कुणी 'बिम्स') इथं तपासून घ्यायला तू त्याच तालुक्याची किंवा त्याच राज्याची असायला पाहिजेस अशी अट नाही. शहरात 'नम्म क्लिनिक' नावाचे छोटे सरकारी दवाखाने आहेत. तिथं डॉक्टर, साध्या तपासण्या आणि गोळ्या फुकट मिळतात. गर्भनिरोधकं, एचआयव्हीची तपासणी, गरोदरपणातली तपासणी, बाळंतपण यातल्या कशालाच गावचा पत्ता आडवा येत नाही. खिडकीवरच्या माणसानं "तुमच्या गावाला जा" म्हटलं तर परत फिरू नकोस, आत जाऊन डॉक्टरांना किंवा सिस्टरांना भेट.

अडतं ते मोठ्या ऑपरेशनचा खर्च उचलणाऱ्या योजनांपाशी, कारण त्या रेशन कार्ड कुठल्या राज्याचं ते बघतात. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन्ही सरकारांत जुंपली. सीमाप्रश्नाचं व्हायचं ते होवो. ऑपरेशन ठरलंच तर तुझं कार्ड कुठं चालतं हे रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर आधी विचार, आणि साध्या तपासणीसाठी कुठल्याच योजनेची वाट बघू नकोस.

दवाखान्यात सगळे कन्नड बोलतात. मला सांगता येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीला मराठी समजणारी सिस्टर बहुधा भेटतेच. सौंदत्ती, रामदुर्गकडं कामाला असशील तर अडेल. पाळीला 'मुट्टु' म्हणतात, पोटदुखीला 'होट्टे नोवु', अंगावरून पांढरं जाण्याला 'बिळि सेरगु', गरोदर बाईला 'बसुरी' किंवा 'गर्भिणी'. एवढ्यावर काम भागतं. शेवटची पाळी कधी आली ती तारीख मात्र पाठ हवी. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेव, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

दुभाषी म्हणून मुकादमाला किंवा खोलीमालकाला नेऊ नकोस. त्याच्यासमोर तू खरं सांगणार नाहीस आणि तो तुझं सगळं ऐकेल. मैत्रीण ने. केसपेपर, सोनोग्राफी, रक्ताचा रिपोर्ट या सगळ्याचे फोटो काढून ठेव, म्हणजे कणकुंबीची चिठ्ठी म्हापशाच्या डॉक्टरलाही दाखवता येते.

इथं आल्यापासून पाळी पुढं-मागं होतेय. कधी दोन-दोन महिने येतच नाही.

२१ ते ३५ दिवसांत पाळी येणं आणि दोन ते सात दिवस रक्त जाणं ही सर्वसाधारण चौकट. रात्रपाळी, अपुरी झोप, एकदम घटलेलं वजन, काळजी यांनी एखाद-दुसरा महिना हलतो. पण संबंध आलेला असेल आणि पाळी चुकली असेल, तर कारणं शोधत बसण्याआधी गरोदरपणाची तपासणी कर. ती कोरी आली आणि तरी तीन महिने पाळी नाही, किंवा चेहऱ्यावर लव वाढतेय, वजन वाढतंय, तर थायरॉइड आणि पीसीओडीची (अंडाशयांच्या बिघाडाची) तपासणी लागते. दोन्हींवर औषधं आहेत.

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, किंवा मोठ्या गाठी पडताहेत, तर त्याच दिवशी दवाखाना.

लाईनवरून पॅड बदलायला सोडत नाहीत. फडात तर आडोसाच नाही. काय करायचं?

पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड वाईट नाही. ओलसर कापड वाईट. साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवायचं, दुसऱ्या कपड्याखाली लपवून नाही. खोलीत दोरी अशी बांधलेली असते की पुरुषांच्या नजरेला काही पडू नये, म्हणून ती नेमकी उन्हाच्या बाहेर जाते. चौघी मिळून घरमालकिणीशी बोला आणि गच्चीवरचा एक कोपरा मागून घ्या. मेन्स्ट्रुअल कप फडात सोयीचा पडतो, आठ-बारा तास बघावं लागत नाही. पण तो धुवायला स्वच्छ पाणी आणि पाळी संपल्यावर उकळायला भांडं लागतं, आणि ते भांडं चहाचं नसावं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. संडासला जावं लागू नये म्हणून पोरी पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, सारखी लागणं, ताप. लघवीचा हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर आठवडाभर अंथरूण धरावं लागतं. स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह ही कारखान्याची कायद्यानं ठरलेली जबाबदारी आहे, मालकाचे उपकार नाहीत.

पाळीची सुट्टी मिळते असं ऐकलं. खरंय का?

कर्नाटकात २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी आदेश निघाला. १८ ते ५२ वयाच्या नोकरदार बाईला महिन्यातून एक भरपगारी सुट्टी, वर्षाला १२. डॉक्टरचा दाखला लागत नाही आणि या महिन्याची सुट्टी पुढच्या महिन्यात ढकलता येत नाही. मालकांकडून त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, तेव्हा तुझ्या कारखान्यात आज काय चालू आहे ते एचआरला विचार. कागल, इचलकरंजी किंवा गोव्यात हा आदेश लागू नाही. आणि फडात सुट्टीला 'खाडा' म्हणतात, तिथं अजून कुठलाच आदेश पोचलेला नाही.

यल्लम्माला जायचंय, पाळी पुढं ढकलायची गोळी घेऊ का? मैत्रीण तर कामासाठी दर महिन्याला घेते.

एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून, चालते. दर महिन्याला नाही. ही हार्मोनची गोळी आहे. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो म्हणून ती साधी होत नाही. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास आधी झाला असेल, लिव्हरचा आजार असेल, दिवस गेल्याचा संशय असेल, तर मुळीच घ्यायची नाही. आणि या गोळीनं गर्भ राहायचा थांबत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणींना महागात पडतो.

कामाच्या जागी सुपरवायझर पोटदुखीची बिननावाची गोळी देत असेल तर ती नको. पाकिटावर नाव आणि तारीख असलेली वेदनाशामक गोळी जेवणानंतर घे. दर महिन्याला लोळायची वेळ येते इतकं दुखत असेल तर ते "बाईच्या जातीला असतंच" म्हणून सोडून द्यायचं दुखणं नव्हे.

अंगावरून पांढरं जातं. हाडं झिजतात म्हणे?

हाडं झिजत नाहीत. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळीच्या आधी पाण्यासारखं, चिकट, बिनवासाचं जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे. थकवा येतो तो बहुतेक वेळा रक्त कमी असल्यानं, आणि त्याचं खापर पांढऱ्या पाण्यावर फुटतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या घे, त्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पण गोळी आणि चहा एकत्र नको. चहानं लोह अंगाला लागत नाही, आणि आपल्याकडं गोळी चहाच्या घोटाबरोबरच गिळतात.

दह्यासारखं घट्ट जाऊन खाज सुटली, हिरवट-पिवळं झालं, माशासारखा वास आला, ओटीपोटात दुखू लागलं, संबंधाच्या वेळी दुखलं किंवा रक्त आलं, तर तो संसर्ग. प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून मैत्रिणीची उरलेली गोळी चालत नाही. काही संसर्गांत नवऱ्याला किंवा जोडीदारालाही बरोबरच औषध घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा तेच. आतून डेटॉल, साबण, तुरटी घालून धुऊ नको. जिल्हा रुग्णालयात यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं.

डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. मी २६ वर्षांची आहे, दोन पोरं आहेत.

थांब. आज काढली नाही तर उद्या कॅन्सर होतो असं काही नसतं. पांढरं जाणं, पाठ दुखणं, पाळीत जास्त रक्त जाणं या तक्रारींसाठी पहिला उपाय गर्भाशय काढणं हा नाही. आधी औषधं, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. कॅन्सर निघाला, गाठी फार मोठ्या असल्या, अंग खूपच बाहेर येत असलं, औषधानं रक्त थांबतच नसलं, तेव्हा ऑपरेशनची वेळ येते. २६ व्या वर्षी अशी वेळ फार क्वचित.

बीडच्या ऊसतोड बायांमध्ये पिशवी काढण्याचं प्रमाण एवढं वाढलं की महाराष्ट्र सरकारला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाहणीत ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बाया होत्या, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कारण साधं होतं. पाळीत खाडा पडतो, खाड्याला पैसे कापतात, उचल (आधी घेतलेले पैसे) फिटत नाही. मग पाळीच नको. त्यात खासगी डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरज नसताना होणाऱ्या अशा ऑपरेशनांना आळा घालणारे नियम लागू करा असं सगळ्या राज्यांना बजावलं.

पाळी गेली की काम सोपं होईल हा हिशेब पुढं उलटा पडतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर तिशीच्या आत पाळी जाण्याच्या वयाचे सगळे त्रास सुरू होतात: अंगातून वाफा, झोप नाही, सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात. अशा अंगानं कोयता चालत नाही, मोळीही उचलत नाही. म्हणून दुसऱ्या डॉक्टरला दाखव, आणि तो सरकारी असू दे, ज्याला तुझ्या ऑपरेशनमधून काही मिळायचं नाही. सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन विचार: नेमकं काय झालंय, औषधानं भागणार नाही का, अंडाशयं ठेवणार का? उत्तर धड मिळालं नाही तर सही करू नकोस.

माझं लग्न झालेलं नाही. कंडोम, गोळ्या मागितल्या तर सिस्टर काय म्हणतील?

काही सिस्टर भुवया उंचावतील, हे खोटं कशाला सांगू. पण लग्नाचा दाखला मागायचा अधिकार त्यांना नाही. आरोग्य केंद्रात किशोरवयीन मुलामुलींसाठी सल्ल्याची वेगळी सोय असते. कर्नाटकात तिचं नाव 'स्नेहा क्लिनिक', महाराष्ट्रात 'मैत्री'. सरकारी कंडोम बऱ्याच दवाखान्यांत दाराजवळच्या डब्यात असतात, मागावेही लागत नाहीत.

काय निवडावं हे तू किती फिरतेस यावर बरंच ठरतं. कंडोम एकच असा आहे की गर्भ आणि संसर्ग दोन्ही टळतात. दुसरं काहीही वापरलंस तरी तो सोडू नये असं माझं मत. माला-एन रोज एक गोळी. शिफ्ट बदलली की विसर पडतो, म्हणून मोबाईलला गजर लाव. रक्तदाब, अर्धशिशी असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तर ही नको. छाया हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेले वार, नंतर आठवड्यातून एकदा. पाजणाऱ्या आईलाही चालते. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. खोलीवर कुणाला काही दिसत नाही, म्हणून बऱ्याच जणींना हेच पसंत पडतं. त्यानं पाळी अनियमित होते किंवा बंदच होते. रक्त आत साठत नाही, घाबरू नको. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला मात्र काही महिने जास्त लागतात. कार्ड जवळ ठेव, म्हणजे पुढचं इंजेक्शन दुसऱ्या गावीही घेता येतं. तांबी (कॉपर-टी) बसवली की प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षं चिंता नाही, आणि हवी तेव्हा काढता येते. ती पोटात फिरत काळजापर्यंत जाते ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की सांगणाऱ्या बायकाच थकल्या असतील. ती गर्भाशयात बसते, तिथंच राहते. सुरुवातीचे काही महिने रक्त जरा जास्त जातं, म्हणून हिमोग्लोबिन बघून बसव.

पोरं पुरे झाली असतील तर नवऱ्याची नसबंदी हा सगळ्यांत सोपा मार्ग. टाका नाही, त्याच दिवशी घरी. तरी आमच्याकडं ऑपरेशन बाईनंच करायचं.

पहिल्याच वेळी दिवस राहत नाहीत ना? आणि त्यानं बाहेर सोडलं तर?

राहतात. दोन्ही वेळा.

इमर्जन्सी गोळी कधी घ्यायची?

संबंधानंतर जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईंकडंही असते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. घेतल्यावर पुन्हा संबंध आला तर तिचा काही उपयोग नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर तीही हेच काम करते, आणि जास्त खात्रीनं. महिन्यातून चारदा ही गोळी घेणाऱ्या मुलीनं रोजची पद्धत निवडलेली बरी, तिची पाळी आणि पैसे दोन्ही ठिकाणावर राहतील.

दिवस चुकलेत. कुणाला न सांगता कसं बघू?

पाळीची तारीख उलटल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर किट. आशाताईंकडं 'निश्चय' किट मिळतं, मेडिकलमध्येही मिळतं. एक रेघ आली आणि पाळी आलीच नाही तर आठवड्यानं पुन्हा बघ.

पोट पाडणं गुन्हा आहे ना? लग्नाशिवाय तर कुणी करणारच नाही.

गुन्हा नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि २०२१ मध्ये तो आणखी मोकळा झाला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितींमध्ये दोन डॉक्टरांचं: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, मध्येच नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अशा. त्यापुढं गर्भात मोठं व्यंग असेल तरच, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २४ आठवड्यांपर्यंतच्या या मुभेत लग्न न झालेल्या बाईला वेगळं काढता येणार नाही. तुझं वय १८ किंवा जास्त असेल तर फक्त तुझी सही लागते. नवऱ्याची नाही, आईची नाही, ज्याच्यामुळं झालं त्याची तर नाहीच. डॉक्टरनं तुझं नाव बाहेर सांगणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

१८ च्या आत असशील तर पालकाची सही लागते, आणि पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्यामुळं डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, लग्न झालेलं असलं तरी. पण २०२२ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की मुलीनं किंवा पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं तिचं नाव कळवायची गरज नाही. पोलिसांच्या भीतीनं मुली वैदूकडं जातात, म्हणून हे वाक्य पुन्हा वाच.

मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नको. गोळ्यांनी नऊ आठवड्यांपर्यंत गर्भपात होतो, पण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर गोळ्यांचा उपयोग नाही. नळी फुटते आणि आत रक्तस्राव होऊन जीव जातो. सोनोग्राफीनं हे आधीच कळतं. गोळ्या घेऊन झालीच असशील आणि तासाला दोन पॅड भिजताहेत, ताप आलाय, चक्कर येते, घाण वास येतोय, तर लगेच सिव्हिलला जा आणि काय घेतलंस ते खरं सांग. गोव्यातल्या खोलीत दोन दिवस अंगावर काढून मग वडापनं (शेअर गाडीनं) घाट चढून घरी येण्यात जो वेळ जातो, तोच जिवावर बेततो.

मुलगा की मुलगी हे बघून गर्भ पाडणं मात्र गुन्हा आहे. लिंग तपासणीही गुन्हा. सीमेच्या अलीकडंही आणि पलीकडंही.

निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला आहे, चौथा महिना लागलाय. मिश्रीही लावते. बाळाला काही होतं का?

होतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला रक्त कमी पोचतं. बाळ वजनानं कमी भरतं, दिवस पुरे व्हायच्या आत जन्मतं, कधी पोटातच जातं. दात दुखतात म्हणून मिश्री, मिश्रीची सवय म्हणून पुन्हा मिश्री, असं चालतं. एकदम सुटत नसेल तर पहिल्यांदा दिवसातून एका वेळेवर आण आणि दाताचं औषध दातांच्या डॉक्टरांकडून घे. वखारीत नाकातोंडाला ओढणी बांध. खाण्याआधी हात साबणानं धू. विडीची पानं, जर्दा यांची पोती झोपायच्या खोलीत नकोत. जमलं तर या महिन्यांपुरतं धुरळ्यापासून लांबचं काम मागून घे.

बाळंतपण कुठं करू, इथं की माहेरी?

कुठंही कर, पण नाव आत्ता नोंदव. कर्नाटकात 'ताई कार्ड' मिळतं, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. एका राज्याचं कार्ड दुसरीकडं दाखवलं की पुढच्या तपासण्या तिथून चालू होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर तपासतात. माहेरी जायचं ठरलं असेल तर आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच जा. कळा सुरू झाल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जिल्हा ओलांडायचा नसतो. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावर रक्त, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर १०८.

कारखान्यात आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. गर्भ पडला किंवा पाडला तरी ६ आठवडे. गरोदर म्हणून कामावरून काढणं बेकायदा. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत असतील तर बाळंतपणाचे पैसे ईएसआय देते. बेळगावात त्यांचं रुग्णालय आहे. पगाराची चिठ्ठी नीट बघ. कापतात पण भरत नाहीत असेही ठेकेदार असतात, म्हणून विमा क्रमांक मागून घे.

नवरा सहा-सहा महिने बाहेर असतो. एचआयव्हीची तपासणी करावी असं वाटतं. कळलं तर काम जाईल का?

तपासणी सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात) फुकट होते आणि गुप्त राहते. २०१७ च्या कायद्यानं नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी मागता येत नाही आणि त्या कारणावरून काढताही येत नाही. लागण झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करतात. निघालाच तर औषधं फुकट, आणि वेळेवर घेतली तर बाळालाही लागण टाळता येते. शंका असेल तर १०९७ वर विचार. नवरा परत आल्यावर कंडोम मागितलास तर तो संशय घेईल. "दिवस राहायला नकोत" हे कारण पुरतं.

सुपरवायझर अंगचटीला येतो. तक्रार केली तर घरचे परत बोलावतील.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे आणि तिची अध्यक्ष बाईच असते. समिती नसेल, त्रास देणारा मालकच असेल, किंवा घरकामाला असशील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. मेसेज पुसू नको. बळजबरी झाली असेल तर आधी रुग्णालय. सरकारी असो की खासगी, फुकट आणि लगेच उपचार करणं त्यांना बंधनकारक आहे, एफआयआर नसली तरी. इमर्जन्सी गोळी आणि एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत लागतात. आंघोळ न करता, कपडे न धुता जा. घरच्यांना कधी सांगायचं ते नंतर ठरव.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस घ्यावी का?

परवडली तर जरूर घ्यावी. २६ वर्षांपर्यंत देतात, लग्नाआधी घेतली तर उत्तम. १५ नंतर तीन डोस, सहा महिन्यांत, तेव्हा पहिला इथं आणि तिसरा गावी घ्यायचा असेल तर कागद सांभाळ. तिशीनंतर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी लस घेतलेल्यांनीही करायची.

मी मुलीची आई आहे. पोरीला हे सगळं सांगितलं तर ती बिघडणार नाही का?

पोर आत्ता एकटी परगावी राहते, पगार आणते, घरचं कर्ज फेडते. त्यासाठी ती मोठी झालेली चालते ना?

मी मुकादम आहे. टोळीत बारा बाया आहेत. मी काय करायचं?

टोळी उतरली की त्याच आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन खोप्या कुठं आहेत, बाया किती, गरोदर किती, लहान पोरं किती ते सांगा. मग आशा आणि सिस्टर खोप्यांपर्यंत येतात, लसीही तिथंच होतात. खोप्यांजवळ पाण्याची टाकी आणि चार बाजूंनी ताडपत्रीचा आडोसा करा. गरोदर बाईकडून मोळी उचलून घेऊ नका आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नका. कुणी दवाखान्यात जाते म्हणाली तर कशासाठी ते विचारू नका, गाडीची सोय करा.

कुठले नंबर पाठ ठेवू?

रुग्णवाहिका १०८, ती गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्हीकडं चालते. पोलीस ११२. बायकांसाठी १८१. अठराच्या आतल्यांसाठी १०९८. कर्नाटकात आरोग्याचा सल्ला १०४. मोबाईल नवऱ्याकडं किंवा भावाकडं असतो त्या मुलींनी हे नंबर डब्याच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवलेले बरे.